यंदा घागर नाही

कडूबा कसा माणूस होता, असं कोणी विचारलं की शालिग्राम शिंपी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवायचा, जरा विचारात पडायचा आणि म्हणायचा, "मले काय ठाऊक, बाप्पा!"

विचारणाऱ्याला ते खरं वाटत नसे. वडनेर भोलजीच्या एस.टी. थांब्याजवळ एकाच कडुनिंबाखाली दोघांची बैठक होती. इकडे शालिग्रामचं मशीन, तिकडे कडूबाचा बर्फाचा ठेला. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी शालिग्रामने तिथे मशीन मांडलं, आणि तेव्हापासून कितीतरी उन्हाळे दोघांनी एकाच सावलीत काढले. पण तरी तो म्हणायचा ते खरंच होतं. कडूबा चहा बशीत ओतून पितो, डावा पाय थोडा ओढत चालतो, लग्न केलेलं नाही, एवढं त्याला माहीत होतं. आत काय आहे ते माहीत नव्हतं. दोन बैल एका जुवाखाली जन्म काढतात म्हणून काय एकमेकांच्या मनातलं त्यांना कळतं?

कडूबा रोज पहिल्या गाडीने मलकापूरला जायचा आणि भुशात घोळलेल्या, गोणपाटात बांधलेल्या बर्फाच्या लाद्या गाडीच्या टपावर टाकून आणायचा. सोडावाले, लस्सीवाले, लग्नघरचे लोक, सगळे त्याच्याकडून बर्फ नेत. ताप डोक्यात गेलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवायला नेत. आणि भर उन्हाळ्यात कुणी गेलं, मुलगा मुंबईहून यायचा असला, की मयताच्या अंगाखाली घालायलाही त्याचाच बर्फ जायचा. तसा माणूस आला की कडूबा भाव करत नसे. "सकाळपर्यंत बर्फ राहीन," असं म्हणून मोठी लादी द्यायचा. त्याचं ते "राहीन" कधी चुकत नसे.

त्याची एक खोड होती. गोणपाट सोडलं की तो लादी फळीवर उभी करायचा, तिच्यामागे ऊन येईल अशी वळवायचा आणि डोळा बारीक करून तिच्यातून आरपार पाहायचा. कारखान्याच्या लादीत मधोमध पांढरट, धुरकट गाभा असतो. तिथे त्याची नजर थबकायची. मग बर्फ फोडायचा टोचा उचलायचा.

एकदा शालिग्रामला राहवलं नाही. "कडूभाऊ, काय पाह्यता हो रोज? मच्छी हाय काय आत?"

"मच्छी नाही."

"मंग?"

"मानूस," कडूबा म्हणाला, आणि टोचा हाणला.

शालिग्राम हसला. कडूबा हसला नाही. त्या दिवशी शालिग्रामकडून एका सदऱ्याची बाही उलटी जोडली गेली.

बाकीचं त्याला गावाने सांगितलं. कडूबाला एक मोठा भाऊ होता, सहदेव. दोघे तरुणपणी सरकीच्या गोण्यांबरोबर मुंबईला गेले ते गोदीतच राहिले, आणि पुढे एका इंग्रजी बोटीवर कोळसा ओढायच्या कामाला लागले. बोट विलायतेच्याही पलीकडे, पार उत्तरेच्या टोकाला गेली. वर्षा-दोन वर्षांनी कडूबा एकटाच परत आला. सहदेवची बायको सुभद्राबाई तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. कडूबाने वहिनीला काय सांगितलं कोण जाणे, पण तिने कुंकू पुसलं नाही. बांगड्या फोडल्या नाहीत. गळ्यातलं डोरलं तसंच राहिलं.

बारा वर्षं माणूस आला नाही की त्याचा पळसाचा पुतळा करतात. पळसाच्या देठांची हाडं, नारळाचं डोकं, वर पांढरं कापड. मग त्यालाच अग्नी देतात, म्हणजे तो सुटतो आणि घरचेही सुटतात. सहदेवचाही पुतळा केला होता. एकाच घरात राहणाऱ्या चुलतभाऊ भगवानरावाने पुढाकार घेऊन सगळं मांडलं, लाकडं रचली, आणि ऐनवेळी सुभद्राबाई पुतळ्याच्या पायाशी जाऊन बसली ती उठेना. "जित्या मानसाले जाळता काय?" एवढंच म्हणत राहिली. कोणी तिच्या हाताला धरायला धजेना. शेवटी जाळायला नेलेला पुतळा तसाच उचलून घरी आणला. टाकणार कुठे? माळ्यावर, ज्वारीच्या कणगीमागे त्याला आडवा ठेवला.

अशी चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाल्याचं शालिग्रामने ऐकलं नव्हतं. पुतळा करायचाच नाही, नाहीतर केला की जाळायचा. करून घरात ठेवायचा म्हणजे काय? गावातले लोक सांगायचे, की त्याला वाळवी लागत नाही. उंदीर त्या बाजूने जात नाहीत. कणगीतली ज्वारी मात्र बारा महिने गार लागते.

आता सुभद्राबाईचं एक सांगायला हवं, कारण तेच शालिग्रामने दरवर्षी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाणी भरायचं, तोंडावर खरबूज ठेवायचं, पुरणाचा घास दाखवायचा. त्या दिवशी आपले लोक तहानलेले येतात म्हणे. आखाजीच्या आदल्या दिवशी, ऊन कलायच्या सुमाराला, सुभद्राबाई ठेल्यापाशी यायची. डोक्यावरचा पदर घट्ट, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. बर्फ घ्यायची नाही, बसायची नाही. उभ्यानेच विचारायची, "भाऊजी, घागर भरू का?"

कडूबा मान वर करत नसे. "यंदा नाही, वहिनी."

"बरं," म्हणून ती आली तशी जायची.

बाजारात लोकांची ये-जा चाललेली असायची. गोळा खाणारी पोरं रंगासाठी भांडत असायची. पण त्या दोन वाक्यांपुरतं निंबाखाली काहीतरी थंड उतरायचं, असं शालिग्रामला वाटे. तो खाली मान घालून दोरा ओवत बसायचा. सुईचं नाक सापडत नसे.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी, ती अशी येऊन गेल्यावर, कडूबा आपणहून बोलला. एरवी तो विचारल्याशिवाय बोलणारा नव्हता.

"तिले वाटते का मी तारीख लपवून ठेवली."

"कशाची तारीख, कडूभाऊ?"

कडूबाने हातातलं गोणपाट पिळलं. "तू नदी पाह्यली असन. बर्फाची नाही पाह्यली. दोन डोंगराच्या मधातून बर्फच येते खाली, सरळ समुद्रापोतर. समुद्रात पाय सोडून बसल्यासारखी. तोंड आपल्या देवळाच्या कळसाहून उंच. निळं. वाहते, पन वाहतानी दिसत नाही. तुले वाटते, बसली हाय. ते चालून राह्यली असते."

सांगता सांगता त्याने सगळं सांगितलं. बोट कोळशासाठी तिथल्या एका खाडीत अडकून पडली होती. मोजणीवाला एक साहेब होता, त्याला ओझं वाहायला माणसं हवी होती. दोघे भाऊ गेले. साहेब बर्फात काठ्या रोवायचा आणि काही दिवसांनी जाऊन पाहायचा, की काठी किती खाली सरकली. उन्हाळ्यात तिथे सूर्य बुडत नाही. अशाच एका न संपणाऱ्या दुपारी सहदेव पुढे चालत होता. एक पाऊल टाकलं ते बर्फावर पडलं, दुसरं पडलंच नाही. वरचा पापुद्रा फाटला होता आणि खाली भेग.

"दोर सोडला. पुरला नाही. मी पोटावर पडून हाका मारून राह्यलो. तर खालून आवाज आला त्याचा. घाबरलेला नाही बे. आपन विहिरीतून बोलतो तसा. म्हने, 'कडू, इथं सगळं निळं हाय.'"

"मंग?"

"मंग काही नाही."

शालिग्रामने कात्री खाली ठेवली.

"साहेब भला मानूस होता. त्यानं मले काठ्या दाखवल्या. म्हने, रडू नको, बर्फ त्याले ठेवत नसते. जे गिळलं ते घेऊन चालते. तुझा भाऊ जसा हाय तसा राहीन, आन तीस वर्सांनी तोंडापाशी येईन. तिथं बर्फ तुटते, समुद्रात पडते. तवा तो सुटीन. मी येऊन वहिनीले तेच सांगितलं. वहिनी म्हने, म्हंजे ते चालून राह्यले ना? म्हटलं, हाव, चालूनच राह्यला. म्हने, चालत्या मानसाची घागर भरत नसतात."

तीस वर्षं पुरी व्हायला तेव्हा अजून काही आखाज्या बाकी होत्या. म्हणजे हिशेब सरळ होता. शालिग्राम तसं म्हणाला.

कडूबाने त्याच्याकडे असं पाहिलं, की जसं काही त्यानेच पुढचं बोलायला भाग पाडलं. मग उठून पत्र्याचा टप ओढला, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि बर्फाचा एक उभा तुकडा त्यात ठेवला. तेवढाच दुसरा तुकडा कोरड्या फळीवर ठेवला. पाणी उन्हात तापलेलं होतं.

"पाह्य."

शालिग्रामने एका पायजम्याची नाडी ओवली, तोवर कोरड्यावरचा तुकडा नुसता घामेजला होता. टपातला वरून जवळपास तसाच दिसत होता. पण पाण्याच्या रेघेपाशी आणि तिच्याखाली त्याला कोणी कुरतडल्यासारखं झालं होतं. वर डोकं जड, खाली मान बारीक. पाहता पाहता तो तडकला आणि वरचा भाग धप्पकन पाण्यात पडला. शालिग्रामच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

"ऊन वरून जेवढं खाते त्याहून जास्त पानी खालून खाते," कडूबा म्हणाला. "साहेबापाशी जुना नकाशा होता, त्याच्या आजाच्या वक्ताच्या लोकांनी काढलेला. त्यात बर्फाचं तोंड एका खडकाले लागून. आमी गेलो तवा तो खडक उघडा, भर पान्यात एकटा. तिथून बर्फाच्या तोंडापोतर नाव वल्हवून हात भरून आले आमचे. इतकं मांगं गेलं होतं. साहेब काचेची नळी दोराले बांधून खोल सोडे. वरचं पानी थंड, खालचं ऊन. दूरच्या समुद्रातलं ऊन पानी खालून खाडीत येऊन राह्यलं होतं. तिथले शिकारी सांगत, पह्यले कधी न दिसलेली मच्छी आली म्हने. हिवाळ्यात समुद्र गोठत होता तो आता धड गोठत नाही म्हने."

"मंग त्यानं काय होते?"

"चिखलीच्या बाजारात पोत्याची थप्पी पाह्यली ना? खालचं पोतं वढलं तर वरचे दम धरतात काय? पायाचा बर्फ गेला का मांगचा धावत सुटते. तोंड मांगं येते, बर्फ पुढं धावते. दोन्हीकून रस्ता कमी." तो टपातल्या तरंगत्या तुकड्याकडे पाहत होता. "एक म्हातारा शिकारी होता. मले खुणेनं सांगे. साहेब तीस म्हनते, बोटं दाखवे, आन मंग एक एक बोट मिटे. हसे."

"वहिनीले हे सांगितलं?"

"काय सांगू? का तुमचा नवरा आता चालत नाही, धावून राह्यला? कधी पोचन, पोचला का काय, मले मालूम नाही? तिचं कुकू माह्या जिभेवर ठेवलं हाय बे तिनं. मी 'भर' म्हटलं का संपलं."

शालिग्रामने पायापाशी आलेलं पाणी पाहिलं. तो म्हणाला, "पानी फेकून द्या ते, कडूभाऊ. चिखल होऊन राह्यला." नंतर कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं, की आपण दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

पुढच्या आखाजीला सुभद्राबाई आली तेव्हा तिने नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचं उत्तर घेतलं, पण निघाली नाही.

"भाऊजी, ते मले दिसतात. आखाजीच्या मोहरं दरसाल दिसतात. निळ्या रस्त्यानं चालतात. इतके हळू, का पाय उचलला का नाही समजत नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "यंदा घाईनं चालून राह्यले. काऊन?"

कडूबाच्या हातातला टोचा तसाच राहिला. निळ्याचं त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर त्याने शालिग्रामला विचारलं, "तू बोलला काय तिले?"

"देवाशपथ नाही."

"मले मालूम हाय, तू नाही बोलला," कडूबा म्हणाला, आणि ती पूर्ण दुपार त्याने एकही लादी न पाहता फोडली.

त्याच्या पुढच्या वर्षी ती म्हणाली, "धावतात. दम लागला त्यायले. मी हाका मारते, थांबत नाहीत."

त्यानंतरच्या वर्षी, आखाजी तोंडावर आली असताना, भगवानरावाच्या मुलीला डोणगावचं स्थळ आलं. घर चांगलं, पोरगा शिकलेला. पाहुणे येऊन बसले, पोहे झाले, आणि त्यांच्यातल्या एका म्हातारीने सहज वर पाहून विचारलं, की माळ्यावर कोण झोपलं आहे? लहान पोरांपैकी कोणीतरी खरं ते सांगून टाकलं. पाहुणे पाणी न पिता उठले.

भगवानराव तसाच तावातावाने ठेल्यावर आला. धोतराचा सोगा हातात.

"कडू, तुह्या बर्फाच्या पायी माही पोरगी घरात म्हातारी करतो काय बे?"

"मी काय केलं, दादा?"

"तू काही करत नाही, तेच तर! ना जाळू देत, ना मेला म्हनत. अख्ख्या घराले सुतक बी नाही आन सोयर बी नाही. अरे, तीस वर्सं मुडद्याले घरजावई करून ठेवलं राजेहो तुमी!"

आजूबाजूचे एकदोघे हसले. मग कडूबाचा चेहरा पाहून आपल्या वाटेला लागले.

"या आखाजीले तो पुतळा जळन," भगवानराव म्हणाला. "भावजयीनं हो म्हनो का नाही म्हनो. तू सांगतो तर सांग, नाहीतर मी उचलून नेतो."

"दादा, तिच्या मनाविरुद्ध हात लावू नको."

"मंग तू सांग! तिथं होता कोन? मी होतो काय?"

तो गेला. कडूबाने एक लादी सोडली, उभी केली, तिच्यातून पाहिलं आणि पाहतच राहिला. शालिग्रामने आपल्या जागेवरून पाहिलं तर मधल्या धुरकट गाभ्याशिवाय काही दिसत नव्हतं. पण तो गाभा नेहमीसारखा सरळ नव्हता. थोडा वाकलेला होता. मान खाली घातलेल्या माणसासारखा. उन्हाचा खेळ असेल. शालिग्रामने नजर काढून घेतली.

आखाजीच्या आदल्या दिवशी बाजार होता. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. शालिग्राम एका बाईच्या चोळीचं माप लिहून घेत होता, तेवढ्यात त्याला बारीक आवाज ऐकू आला. तडतड, तडतड. लाह्या फुटतात तसा, पण फार लांबून आल्यासारखा. त्याने मशीन पाहिलं. मशीन बंद होतं. आवाज कडूबाच्या टपातून येत होता. टपात बर्फाचे तुकडे पाण्यात तरंगत होते, जसे रोज तरंगत.

कडूबा टपापाशी उकिडवा बसला होता. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता.

"ऐकून राह्यला?"

"हाव. काय व्हय ते?"

"तिथला बर्फ असा बोलते. जुना असते ना. हजारो वर्सांपासून आत हवा कोंडलेली असते. पान्यात पडला का ते हवा फुटते, आन असा आवाज येते. खाडीभर येते, जवा तोंड तुटून पडते तवा." त्याने पाण्यात हात घातला. "हा तर मलकापूरचा बर्फ. कालचा. हा काऊन बोलन?"

आवाज कमी होत गेला आणि थांबला. चोळीवाली बाई म्हणाली, "भाऊ, माप झालं का?" तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

ऊन कलल्यावर सुभद्राबाई आली. आज लुगडं ओलं होतं. अंगावर पाणी सांडल्यासारखं नाही, नुसता पायाकडचा काठच, जसं कोणी पाण्यातून चालत यावं. तिने प्रश्न विचारला नाही.

"भाऊजी, ते थांबले."

कडूबा उठून उभा राहिला.

"आज दुपारी मी जरा आडवी पडली होती. धावत आले, आन थांबले. खाली पाह्यलं. म्हने, सुभद्रे, पाय ओले झाले." तिचा आवाज सरळ होता. "मले तुमच्या तोंडून पाह्यजे. घागर भरू का?"

कडूबाने शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्राम आयुष्यभर विसरला नाही ती नजर. मदत मागणारी होती की निरोप घेणारी, हे त्याला कधी ठरवता आलं नाही. मग कडूबा वहिनीकडे वळला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने तिच्या तोंडाकडे पाहून उत्तर दिलं.

"भरा, वहिनी."

तिने पदर मागे सारला. दोन बोटं कपाळाला लावली, खाली आणली, आणि कुंकवाने लाल झालेली ती बोटं तिने टपातल्या पाण्यात बुडवली.

दुसऱ्या दिवशी पुतळा माळ्यावरून उतरवला. भगवानरावाने लाकडं तयार ठेवली होती. पण सुभद्राबाई म्हणाली, "ते अग्नीतून गेले नाहीत. ज्या रस्त्यानं गेले त्याच रस्त्यानं जाऊ द्या." भगवानराव तोंड उघडणार होता. पांढरं कपाळ पाहून लाकडांपासून बाजूला झाला. शालिग्राम नवं कापड शिवून घेऊन गेला होता, कारण जुनं पिवळं पडलं होतं. पुतळा उचलताना त्याचा हात लागला. इतक्या वर्षांचे पळसाचे देठ, पण कणखर होते, आणि थंड.

नदीला आखाजीत कुठलं पाणी? एकच डोह शिल्लक होता. कडूबाने त्या दिवशी दोन अख्ख्या लाद्या आणल्या होत्या. त्याने त्या काठाच्या उतारावर अशा लावल्या, की पुढचा भाग डोहात उभा राहील. वर पुतळा ठेवला, पाय पाण्याकडे. आणि सगळे मागे जाऊन बसले. उन्हात पाण्यावरून वाफ येत असल्यासारखं दिसत होतं.

शालिग्रामला ठाऊक होतं काय होणार. त्याने टपात पाहिलंच होतं. पाण्याच्या रेघेपाशी बर्फाला खाच पडली. खाच खोल गेली. वरचा बर्फ पुढे झुकला, आणि मागची लादी, जी कोरड्यावर होती, तीही हळूच सरकली. कोणी ढकलली नव्हती.

मग जो आवाज झाला तो त्या दोन लाद्यांचा नव्हता. बंदुकीचा बार उडावा तसा होता, आणि तो डोंगराडोंगरांतून फिरून आल्यासारखा परत आला. वडनेरला नदीकाठी डोंगर नाहीत. काठच्या झाडावरचे सगळे कावळे उडाले. पुतळा पायांवर उतरावा तसा उभा डोहात गेला. नारळाचं डोकं क्षणभर पाण्याबाहेर राहिलं, मग तेही गेलं.

पळस तरंगतो. नारळ तरंगतो. ते सगळे ऊन उतरेपर्यंत बसून होते. काहीच वर आलं नाही. भगवानरावाने बांबू घालून डोह ढवळला. कमरेएवढं पाणी, खाली वाळू. काही लागलं नाही.

"घरी चला," सुभद्राबाई म्हणाली. "घागर वाट पाहून राह्यली."

भगवानरावाच्या मुलीचं पुढे डोणगावलाच जमलं. घरातली ज्वारी इतर ज्वारीसारखी लागू लागली. सुभद्राबाईला कुणी पुन्हा त्या स्वप्नाबद्दल विचारलं नाही.

कडूबा त्यानंतर थोडेच दिवस होता. ठेल्यावर यायचा, बर्फ फोडायचा, पण लाद्या उभ्या धरून पाहत नसे. एकदोनदा शिटीसुद्धा वाजवली त्याने. शालिग्रामला त्याने कधी शिटी वाजवलेली माहीत नव्हती. मग एके दिवशी पहिल्या गाडीने मलकापूरला गेला आणि परतीच्या गाडीत चढलाच नाही. तिथल्या स्टँडच्या बाकावर बसला होता, शेजारी गोणपाटातली लादी टेकून. लोकांना वाटलं, डुलकी लागली. दुपारी कोणीतरी हलवलं तेव्हा कळलं. भर उन्हात त्याचा हात बर्फासारखा गार होता, असं आणणारे सांगत होते. लादी तेवढीच्या तेवढी होती, असंही सांगत होते. लोकांच्या बोलण्याचं काय धरावं. शालिग्रामने पाहिलं ते एवढंच, की सरण पेटायला फार वेळ लागला, आणि कडूबाच्या सदऱ्याच्या खिशात दोन नवी दोऱ्याची रिळं होती.

पुढल्या आखाजीला सुभद्राबाईने दोन घागरी भरल्या. कोणाला विचारलं नाही.

आता कोणी कडूबाबद्दल विचारलं की शालिग्रामला आठवतं ते बर्फाचं नाही, डोहाचं नाही. त्याला ती शेवटची संध्याकाळ आठवते. कडूबा गोणपाट घडी घालून ठेवत होता. भुसा झटकत होता. जाता जाता थांबला.

"शालिग्राम, उद्या मलकापूरहून काही आनाचं हाय काय?"

"दोन रिळं आनजा दोऱ्याची."

"काळा का पांढरा?"

"काळा."

"हाव," कडूबा म्हणाला. "आनतो."